मोठी माणसं जोडा, पण गाडी तुमचीच ठेवा: ड्रमर रिंगोच्या अल्बममधून चार धडे



व्हिडिओत हा विषय धावत सांगितला होता. इथे जरा निवांत बघू. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

नवीन उद्योजकाला एक अडचण हमखास येते. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाकडे मदत मागायची कशी? आणि त्याचं नाव जोडलं तर आपलं नाव झाकलं जाईल का? याचं उत्तर मला सापडलं एका ड्रमरकडे. नाव रिंगो स्टार, बँड बीटल्स.

आधी परिस्थिती समजून घ्या

बीटल्स चौघांचा बँड. बहुतेक गाणी लेनन आणि मॅकार्टनी लिहायचे, हॅरिसनही लिहायचा. रिंगो मागे बसून ड्रम वाजवायचा. 1970 मध्ये बँड फुटला आणि वर्षाच्या शेवटी मॅकार्टनीने भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या कोर्टात दावा लावला. म्हणजे आपल्याकडे भावाभावांत दुकानावरून होतं, तसंच.

आता रिंगोचं काय? एकट्याने लिहिलेली दोनच गाणी बीटल्सच्या रेकॉर्डवर होती. आवाज साधा. 1970 मध्ये त्याने दोन अल्बम काढले, एक जुन्या गाण्यांचा आणि एक अमेरिकेतल्या नॅशव्हिलला जाऊन केलेला कंट्री संगीताचा. पुढे काही सुटी गाणी चांगली चालली. पण रॉकचा स्वतःचा म्हणावा असा अल्बम आला 1973 मध्ये. नाव ठेवलं 'रिंगो'. पाहुण्यांची यादी मोठी, कव्हरवर नाव मात्र एकच!

धडा 1: आधी द्या, मग मागा

भांडण चालू असतानाही तिन्ही जुन्या साथीदारांनी या अल्बमला हातभार लावला. का? लेननच्या 1970 च्या अल्बमवर ड्रम रिंगोचे. हॅरिसनच्या त्याच वर्षीच्या अल्बमवरही रिंगो. 1971 मध्ये हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी न्यूयॉर्कला बांगलादेशसाठी कार्यक्रम केला, तिथेही रिंगो हजर. भांडणात न पडता तो सगळ्यांच्या कामाला गेला होता. म्हणून मागायची वेळ आली तेव्हा त्याचं खातं रिकामं नव्हतं.

धडा 2: प्रत्येकाला ठरलेलं काम द्या

"जरा मदत करा ना" असं मोघम बोलू नका. या अल्बममध्ये लेननने एक गाणं दिलं आणि त्यात पियानो वाजवला. मॅकार्टनी दांपत्याचं गाणं लंडनमध्ये वेगळं रेकॉर्ड झालं. अमेरिकेतल्या 'द बँड' या गटाची मंडळी एका गाण्यावर, मार्क बोलनची गिटार दुसऱ्या गाण्यावर. आणि हे सगळं जुळवायला निर्माता एकच, रिचर्ड पेरी. पाहुणे दहा असोत, वेळापत्रक एकाच माणसाच्या हातात हवं.

धडा 3: तुमच्याच कामातला जोडीदार घ्यायला लाजू नका

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. ड्रमरचा अल्बम, तरी बऱ्याच गाण्यांवर जिम केल्टनर हा दुसरा ड्रमर आहे. 'माझ्या धंद्यात माझ्याइतका जाणकार कशाला?' हा अहंकार रिंगोने ठेवला नाही. समजा तुमचा केटरिंगचा धंदा आहे आणि तुम्ही स्वतः उत्तम आचारी आहात. तरी दुसरा चांगला आचारी ठेवा. मग तुम्ही पंगतीकडे आणि गिऱ्हाइकाकडे बघू शकता.

रिझल्ट? अल्बम अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. 'फोटोग्राफ' आणि 'यू आर सिक्स्टीन' ही दोन गाणी तिथे पहिल्या क्रमांकावर. यातलं 'फोटोग्राफ' रिंगो आणि हॅरिसनने मिळून लिहिलेलं.

धडा 4: एकच युक्ती कायम चालत नाही

इथे बरेच जण व्हिडिओ बंद करतात. खरा धडा मात्र पुढेच आहे. 1974 चा अल्बम बरा चालला. 1976 मध्ये पुन्हा लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन आणि एरिक क्लॅप्टन अशा चौघांची गाणी घेतली. नावं तेवढीच मोठी, पण अमेरिकेत गाडी 28 व्या क्रमांकावर थांबली. 1977 मध्ये मोठी नावं गेली आणि अल्बम 162 वर! कारणं अनेक असतील. पण आपल्यापुरतं लिहून ठेवा: मोठं नाव गिऱ्हाईक दारापर्यंत आणतं, परत आणत नाही.

मग रिंगो संपला का? नाही. 1989 मध्ये त्याने 'ऑल-स्टार बँड' काढला आणि व्यवहारच बदलला. इथे प्रत्येक पाहुणा रिंगोला साथ देतो आणि स्वतःची गाजलेली गाणीही गातो. म्हणजे पाहुण्यालाही मंच मिळतो. कलाकार बदलत गेले, पण ही पद्धत पुढे अनेक दशकं चालली. मैत्रीखातर मदत एकदा-दोनदा मिळते. दोघांचा फायदा असेल तर ती वर्षानुवर्षं मिळते.

गृहपाठ

वहीत तीन रकाने करा.
1. मला कोणाची मदत हवी आहे?
2. नेमकं कोणतं एक काम?
3. त्यात त्यांना काय मिळणार?

तिसरा रकाना रिकामा राहिला तर अजून फोन करू नका. आधी तो भरा. भरून झाला की कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू. भेटूया!