दुखणाइताच्या सुखाचे मोजमाप

शाळामास्तराला गुण देण्याची सवय असते. परंतु मास्तर, डॉक्टर किंवा घरातील वडीलधारे यांपैकी कोणीही गुण द्यावयाचे नसून ते दुखणाइतानेच द्यावयाचे, असाही एक विषय आहे. त्याचा परिचय न्यासाचे सभासद व त्यांचे कुटुंबीय यांस करून द्यावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

कर्करोग मुळापासून बरा होण्याजोगा नाही असे कळले, की "आता करण्यासारखे काही उरले नाही," असे आपण म्हणून मोकळे होतो. हे म्हणणे बरोबर नाही. वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश व मनाची घालमेल यांवर पुष्कळ उपाय करता येतात. या शुश्रूषेस परिहारक सेवा म्हणतात. आपल्या सुरतेहून अनेक रुग्ण उपचारासाठी मुंबईस, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. ते 1941 साली सुरू झाले. त्याच मुंबईत, वांद्र्यास, 1986 साली शांति आवेदना सदन ही अशा सेवेची देशातील पहिली संस्था निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने या सेवेच्या व्याख्येत रुग्णाबरोबर त्याचे कुटुंबही धरले आहे.

आता सेवेचा गुण येतो की नाही, हे ओळखावे कसे? 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डॉ. कार्नोफ्स्की यांनी शून्य ते शंभर अशी मोजपट्टी तयार केली. रुग्ण स्वतःचे व्यवहार कितपत करू शकतो, हे पाहून डॉक्टर गुण देत. पुढे लक्षात आले, की अंथरुणास खिळलेला माणूस समाधानी असू शकतो आणि हिंडताफिरता माणूस आतून खचलेला असू शकतो. म्हणून खुद्द रुग्णास विचारण्याची पद्धत आली. 1993 साली युरोपातील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 30 प्रश्नांची पत्रिका प्रसिद्ध केली. तिची मराठी, गुजराती व हिंदी रूपांतरेही आहेत. अंथरुणात पडून राहावे लागते काय, गेल्या आठवड्यात झोप लागली काय, पैशाची ओढाताण झाली काय, असे तिचे प्रश्न. पहिल्या 28 प्रश्नांना "मुळीच नाही" पासून "अतिशय" पर्यंत चार पर्याय असतात. शेवटच्या दोन प्रश्नांत प्रकृती व जीवन यांना 1 ते 7 गुण द्यावयाचे असतात. मात्र हिंडण्याफिरण्याच्या शक्तीचे गुण वाढले तर चांगले, वेदनेचे वाढले तर वाईट. म्हणून सर्वांची एकच बेरीज करीत नाहीत.

अशा प्रश्नांचे मोल आम्हांस आमच्या घरीच कळले. आमचे भावजी आजारी असता त्यांचे अन्न तुटले. रोगच वाढला, असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले. आपा रोज नवा पदार्थ करी आणि ताट तसेच परत येई. "बरं आहे ना?" असे आम्ही विचारीत असू, आणि ते "बरं आहे" म्हणत. एके दिवशी परिचारिकेने प्रश्नपत्रिका वाचून दाखविली. शौचास अवरोध होतो काय, या प्रश्नावर भावजी हलकेच म्हणाले, "अतिशय." संकोचामुळे हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते व आम्हीही विचारले नव्हते. वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनने हा त्रास बहुधा होतोच. डॉक्टरांनी सारक औषध दिले आणि चार दिवसांत ते पुन्हा दोन घास खाऊ लागले. मग परिचारिका आपाकडे वळून म्हणाली, "बेन, तुम्ही रात्री किती तास झोपता?" आपास रडू कोसळले. इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कोणीच केला नव्हता. आम्ही सख्ख्या भावानेही नाही. त्या दिवसापासून आठवड्यातून तीन रात्री आम्ही व भाचे आळीपाळीने जागू लागलो.

शुश्रूषा करणारांसाठीही स्वतंत्र पत्रिका आहेत. झारिट यांची 1980 ची पत्रिका मूळ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या आप्तांसाठी होती, पण आज कर्करोगातही वापरतात. स्वतःसाठी वेळ उरतो काय, प्रकृती बिघडली काय, असे तिचे प्रश्न आहेत.

घरी करण्याजोगा सोपा प्रकार असा. कॅनडातील एडमंटन येथे 1991 साली निघालेल्या पद्धतीत वेदना, थकवा, गुंगी, मळमळ, अरुची, धाप, उदासी, चिंता व एकंदर स्वास्थ्य यांना 0 ते 10 अंक देतात. 0 म्हणजे त्रास नाही, 10 म्हणजे पराकाष्ठेचा त्रास. एक वही करावी आणि रोज ठरलेल्या वेळी विचारून अंक लिहावेत. रुग्ण बोलू शकत असेल तोवर उत्तर त्याचेच घ्यावे, कारण आप्तांचा अंदाज पुष्कळदा रुग्णाच्या उत्तराहून निराळा निघतो. त्याने 7 सांगितले तर "एवढे नसेल" म्हणून 4 लिहू नये. अंक चढू लागला, की वही डॉक्टरांस दाखवावी. त्याच वहीच्या मागल्या पानावर शुश्रूषा करणाराची झोप व थकवा लिहावा.

न्यासाच्या सभासदांस आमची एवढीच विनंती आहे. आजाऱ्याच्या समाचारास जाल तेव्हा फळे अवश्य न्या. पण पलंगाशी बसून झाल्यावर स्वयंपाकघरातही डोकावा, तेथे जी माउली उभी असेल तिला झोपेचे विचारा, आणि उत्तर ऐकून एक रात्र आपल्याकडे घ्या.