दोघेही नापसंत, मग मत कोणाला?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला, की ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतो. कांद्याने भरलेल्या ट्रॉलीसह त्याचे वजन होते. मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा रिकामा करतात आणि मोकळा ट्रॅक्टर पुन्हा काट्यावर आणतात. समजा, पहिले वजन ६५ क्विंटल आणि दुसरे ३८ क्विंटल आले, तर शेतकऱ्याला पैसे मिळतात ते २७ क्विंटलचे. काटा दोन्ही वेळा खरेच बोलला. पण कोणी पहिलीच पावती दाखवून "माझा कांदा ६५ क्विंटल" असे म्हणू लागला, तर सारा बाजार त्याला हसेल.

निवडणुकीच्या निकालाचे आकडे मात्र पुष्कळ शहाणी माणसे अशाच रीतीने वाचतात.

हा विषय निघाला तो आमच्या बारावीच्या वर्गात. तराजूचा पाठ चालू होता. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, पुढच्या वर्षी मला मताचा अधिकार मिळेल. समजा दोनच उमेदवार उभे आहेत आणि मला दोघेही नको आहेत. मग मी काय करायचे?" वर्ग हसला. प्रश्न पदार्थविज्ञानाचा नाही असे म्हणून मला तो टाळता आला असता, पण समोर तराजू होता.

तराजूची दोन पारडी म्हणजे दोन उमेदवार समजा. त्यांना अ आणि ब म्हणू. काटा झुकतो तो दोन्ही पारड्यांतील वजनांच्या फरकाने. तुम्ही अ ला मत दिले, तर फरक त्याच्या बाजूने १ ने वाढतो. ब ला दिले, तर १ ने कमी होतो. घरी बसलात, तर फरक होता तेवढाच राहतो. आता गंमत पाहा. कालपर्यंत अ ला मत देणार असलेला मनुष्य ब कडे गेला, तर फरक २ ने बदलतो. तोच मनुष्य रुसून घरी बसला, तर १ ने. म्हणजे रुसणाऱ्याने ब ला अर्धे मत दिल्यासारखेच झाले. तराजूला राग कळत नाही, त्याला फक्त वजन कळते.

मुलीचे यावर समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते. तिचा पुढचा प्रश्न अधिक खोल होता : "पण मुळात पारड्यांत हे दोघेच का आले?"

याचे उत्तर आम्ही सहलीच्या उदाहरणाने शोधले. ४० विद्यार्थ्यांच्या वर्गाने सहलीचे ठिकाण ठरवायचे आहे. प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच नाव लिहिले. अंकाईचा किल्ला ८, नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी ७, चांदवडचा डोंगर ६, नाशिकला सिनेमा १०, जलक्रीडा उद्यान ९. पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घ्यायचे असे ठरले, तर शेवटच्या फेरीत कोण येते? सिनेमा आणि जलक्रीडा उद्यान. वर्गातील २१ जणांना, म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना, उघड्या रानात जायचे होते. पण त्यांची मते तीन ठिकाणी विभागली गेली आणि त्यांच्या वाट्याला दोन नावडत्या जागा उरल्या. यात कोणी लबाडी केली नाही, चिठ्ठ्या बरोबर मोजल्या गेल्या. पण प्रत्येकाला एकच नाव विचारले, म्हणून असे झाले.

आता ही २१ मुले काय करतील? त्यांपैकी १६ जणांना जलक्रीडा उद्यान त्यातल्या त्यात बरे वाटते, निदान तेथे डोक्यावर आकाश आहे. ५ जणांना सिनेमा बरा वाटतो. सर्वांनी मत दिले, तर उद्यानाला २५ आणि सिनेमाला १५ मते पडतील. सारेच रुसले, तर सिनेमा १० विरुद्ध ९ असा जिंकेल. म्हणजे २१ जणांपैकी बहुतेकांना जे अधिक नकोसे होते, तेच त्यांच्या पदरी पडेल. कागद घेऊन हे गणित स्वतः करून पाहा.

असेच काहीसे फ्रान्समध्ये २००२ साली घडले. तेथे राष्ट्राध्यक्षाची निवड थेट जनता करते. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. त्या वर्षी पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते. डाव्या बाजूची मते अनेक उमेदवारांत वाटली गेली. जाक शिराक यांना १९.८८ टक्के, अतिउजव्या जाँ-मारी ल पेन यांना १६.८६ टक्के आणि समाजवादी लिओनेल जोस्पाँ यांना १६.१८ टक्के मते मिळाली. जोस्पाँ दोन लाखांहूनही कमी मतांनी मागे पडले आणि बाहेर गेले. लक्षावधी डाव्या मतदारांसमोर उरले दोघे, आणि दोघेही नावडते. त्यांतील बहुतेकांनी नाक मुरडून शिराक यांना मत दिले. दुसऱ्या फेरीत शिराक यांना ८२.२१ टक्के मते पडली.

आता आपला भुईकाटा आठवा. पहिल्या फेरीत शिराक यांना सुमारे ५६ लाख ६६ हजार मते होती, दुसऱ्या फेरीत सुमारे २ कोटी ५५ लाख. मधली सुमारे २ कोटी मते ज्यांनी आधी त्यांना निवडले नव्हते अशांची. (येथे टक्क्यांची वजाबाकी करू नका. दोन्ही फेऱ्यांत मतदान सारखे झाले नव्हते, त्यामुळे टक्क्यांचा पाया वेगळा. परीक्षेत ही चूक दर वर्षी सापडते.) ८२ टक्के हा आकडा खरा आहे, पण तो भरलेल्या ट्रॉलीचा आहे. त्यात शिराक यांच्याविषयीचे प्रेम किती आणि ल पेन यांचे भय किती, हे तो एकटा सांगू शकत नाही. पहिल्या फेरीचा आकडा शेजारी ठेवला की थोडा अंदाज येतो.

सारेच मतदार असे नाक मुरडून मत देतात असे मात्र नाही. २०१७ साली त्याच देशात दुसऱ्या फेरीत ४० लाखांहून अधिक मतदार केंद्रावर गेले आणि त्यांच्या मतपत्रिका कोऱ्या किंवा बाद निघाल्या.

आपल्याकडे अशा मतदाराला पूर्वी गुप्तता सोडावी लागे. १९६१ च्या निवडणूक नियमांतील ४९-ओ या नियमाप्रमाणे 'मला मत द्यायचे नाही' असे केंद्रावर सांगून नोंदवहीत तशी नोंद करून घ्यावी लागे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आणि मतदान यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे 'नोटा', हे बटण आले. परंतु विधानसभा आणि लोकसभा निवडणुकीत हे बटण निकालाच्या काट्याला जोडलेले नाही. २०१९ साली लातूर ग्रामीण मतदारसंघात विजयी उमेदवाराला १,३५,००६ मते मिळाली. दुसऱ्या क्रमांकावर कोण होते? नोटा! २७,५०० मते. त्याखालच्या उमेदवाराला १३,५२४. तरीही नोटाला समजा सर्वांत जास्त मते पडली असती, तरी उमेदवारांपैकी ज्याला अधिक मते तोच निवडून आला असता.

स्थानिक निवडणुकांत महाराष्ट्राने एक पाऊल पुढे टाकले आहे. नांदेड जिल्ह्यातील एका गावात सरपंचपदाच्या निवडणुकीत नोटाला ६२७ आणि निवडून आलेल्या उमेदवाराला १२० मते पडली होती. अशी उदाहरणे पाहून राज्य निवडणूक आयोगाने ६ नोव्हेंबर २०१८ रोजी आदेश काढला. त्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते मिळाली, तर कोणालाही विजयी न ठरवता पुन्हा निवडणूक घ्यायची. येथे तराजूला तिसरे पारडे बसले! तेव्हा नोटा दाबावे की नाही याचे उत्तर, निवडणूक कोणती आहे, यावर अवलंबून आहे. हा भेद पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतो.

पण 'एकच नाव विचारले' या मूळ दोषाचे काय? त्यावर उपाय शोधणारे दोघेही अठराव्या शतकातले फ्रेंचच होते. एक बोर्डा. मीटर ठरवण्याच्या कामात आणि लंबकाच्या अचूक मापनात त्याचे नाव येते. त्याने सुचवले की मतदाराने सर्व उमेदवारांना क्रम द्यावा आणि क्रमाप्रमाणे गुण मोजावेत. दुसरा काँदोर्से. त्याने १७८५ साली म्हटले की प्रत्येक दोघांची स्वतंत्र तुलना करावी. मात्र कधी कधी अ ब ला हरवतो, ब क ला हरवतो आणि क अ ला हरवतो असे चक्रही होते, हेही त्यानेच दाखवले. तेव्हा निर्दोष पद्धत मिळेल अशी आशा धरू नका.

क्रम देण्याची एक पद्धत आपल्या नाशिक विभागातच चालू आहे. तुमच्या शिक्षकांना विचारा. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मतपत्रिकेवर, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनाने, नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. कोणालाही निम्म्याहून अधिक मते नसतील, तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. सहलीचे उदाहरण या पद्धतीने सोडवा. चांदवड बाद झाले आणि त्याची ६ मते अंकाई व नांदूर मध्यमेश्वर यांना तीन-तीन गेली, की आकडे होतात अंकाई ११, नांदूर १०, सिनेमा १०, उद्यान ९. आता उद्यान बाद. त्याची सारी ९ मते सिनेमाला गेली, तरी सिनेमा १९ वरच थांबतो. मग नांदूर बाद होऊन त्याची मते अंकाईला मिळाली, तर अंकाई २१ मतांनी जिंकते.

अशा एका निवडणुकीत मी स्वतः काय केले ते त्या मुलीला सांगितले. साल सांगत नाही. मी १ आणि २ लिहिले आणि उरलेल्या दोघांपुढे, दोघेही नकोत म्हणून, काही लिहिले नाही. पेन परत दिले आणि मोठ्या ताठ मानेने बाहेर आलो. मोजणीत माझे दोघेही बाद झाले. तेथून पुढे माझी मतपत्रिका बाजूच्या गठ्ठ्यात गेली आणि शेवटच्या दोघांतील निवड इतरांनी केली. त्या दोघांत मला फरक दिसत नव्हता असे मुळीच नाही. दिसत होता, फक्त तो लिहायला हात धजला नाही.

"मग पुढच्या वेळी ३ लिहाल?" मुलीने विचारले.

"लिहीन," मी म्हणालो, "आणि ज्याच्यापुढे लिहीन, त्याला ते तिसरे होते हे मोजणीच्या कागदावर दिसेल."