कारेगावची लोकसंख्या किती?

हा प्रश्न पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या कारेगावात नववी ते बारावीच्या कुठल्याही मुलाला विचारा. तो खिशातून मोबाइल काढेल आणि अर्ध्या मिनिटात आकडा सांगेल. तो आकडा बहुधा २०११ च्या जनगणनेचा असेल, पण आकडा सांगणाऱ्याला ते ठाऊक असेलच असं नाही. आता त्याच मुलाला ग्रामपंचायतीत पाठवा, मतदारयादी बघायला सांगा, रेशन दुकानदाराला विचारायला सांगा. शेवटी एमआयडीसीतल्या कामगारांना खोल्या भाड्याने देणाऱ्या एखाद्या मालकाशीही बोलू द्या. चार ठिकाणी चार आकडे मिळतील, मोबाइलवरचा धरून पाच.

यात कुणीही खोटं बोलत नाही. जनगणना माणूस जिथे राहतो तिथे मोजते, मग तो भाडेकरू का असेना. मतदारयादीत अठरा वर्षं पूर्ण झालेले आणि नाव नोंदवलेले एवढेच येतात. बीडहून किंवा लातूरहून कंपनीत कंत्राटावर आलेला तरुण अनेकदा मत आणि रेशनकार्ड गावाकडेच ठेवतो. त्यातून २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढची गणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून व्हायची आहे. म्हणजे एलजी, व्हर्लपूल, फियाट यांचे कारखाने असलेल्या रांजणगाव एमआयडीसीच्या शेजारच्या गावाबद्दल अधिकृत आकडा म्हणून आपण दीड दशकापूर्वीची संख्या सांगत असतो.

हे पाच आकडे शेजारीशेजारी मांडून ते वेगळे का आहेत हे चार पानांत लिहिणाऱ्या मुलाने संशोधन केलं, असं मी म्हणेन. पहिलाच आकडा उतरवून रंगीत मुखपृष्ठ चिकटवणाऱ्याने फक्त प्रकल्प वही भरली.

पालकांचा पहिला प्रश्न मला माहीत आहे: यात मार्क किती? मार्क थोडेच असतात, हे मान्य. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयाचा प्रकल्प करावाच लागतो, आणि त्यासाठी बाजारात तयार मजकूर मिळतो हेही सगळ्यांना माहीत आहे. पण पुढचं गणित बदललं आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेतली, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते आणि त्यासाठी प्रबंध लिहावा लागतो. तिथे उतरवलेला मजकूर चालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातला १० टक्क्यांपर्यंतचा सारखेपणा माफ असतो, त्यापुढे शिक्षा सुरू होते आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होऊ शकते. ज्या मुलाने शाळेत कधी ‘हे कुठून घेतलं’ असं लिहिलंच नाही, त्याला ही सवय एकविसाव्या वर्षी लागणं कठीण जातं. वकिली, पत्रकारिता, पेटंटचं काम, बाजार सर्वेक्षण, स्पर्धा परीक्षा, ग्रंथपालन यांपैकी कुठेही गेलात तरी दाखला शोधणं आणि तो जागेवर सापडेल असा ठेवणं हेच निम्मं काम असतं. कमी वयात हे शिकायचं असेल, तर सहावी आणि नववीसाठीच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत कृतिसंशोधनाचा प्रकल्प असतो. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा भरही परिसरातला प्रश्न आणि मुलांनी स्वतः ठेवलेली नोंदवही यांवरच राहिला.

आता विषयाकडे. ‘जागतिक तापमानवाढ’, ‘पाणी हेच जीवन’, ‘प्लास्टिकचे दुष्परिणाम’ हे विषय घेऊ नका. वाईट आहेत म्हणून नव्हे, तर कारेगावात बसून त्यांच्यासाठी नेटवरच्या लेखांखेरीज काहीही हाताला लागत नाही म्हणून. विषय इतका लहान घ्या की त्याची साधनं सायकलवर किंवा एसटीने गाठता येतील. एमआयडीसी आल्यापासून गावातली जिरायत-बागायत कशी बदलली? पाच वाड्यावस्त्यांवरच्या विहिरींना मे महिन्यात पाणी किती असतं? भाडेकरूंची मुलं कोणत्या माध्यमाच्या शाळेत जातात? अशा एकेका प्रश्नावर पुस्तक मिळणार नाही. साधनं मात्र मिळतील, आणि भरपूर मिळतील.

जमिनीचाच प्रश्न घ्या. सातबारा आणि पीकपाहणी तलाठ्याकडे असते. २०२१ पासून शेतकरी मोबाइलवरून ई-पीक पाहणी नोंदवतात आणि सातबारा महाभूलेखवर घरबसल्या बघता येतो. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर पुणे जिल्ह्याची जनगणना पुस्तिका विनामूल्य आहे. तिच्यात गावं-शहरांची सूची असते आणि क्षेत्र, शाळा, पाण्याची सोय अशी माहिती दिलेली असते. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन पुस्तिका समोर ठेवल्या की वीस वर्षांतला बदल आपोआप दिसू लागतो. पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत. पावसासाठी राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय आकडे आहेत. तालुक्याच्या बागायतीचं बोलायचं तर चिंचणीजवळचं घोड धरण आणि चासकमानचा कालवा सोडून चालणार नाही. जुन्या काळासाठी १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला हा अठरावा खंड तीन भागांत आहे आणि नेटवर फुकट वाचता येतो. शिरूरमध्ये १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला लोक सत्पुरुषाचं स्थान मानून पूजतात, अशी नोंद त्यात आहे. आज तिथे काय चालतं, हे जाऊन बघून लिहिलं तर तोही एक छान छोटा प्रकल्प होईल. आधी कुणी काय काम केलं आहे ते बघायला शोधगंगा हे संकेतस्थळ वापरा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे आहेत. सगळा प्रबंध वाचायची गरज नाही, शेवटची संदर्भसूची वाचली तरी दहा नवी नावं मिळतात.

शोधताना नावांनी घोळ होतो, आणि आपल्या भागात तर फारच. कारेगाव एक नाही. परभणी शहराजवळ एक आहे, श्रीरामपूर तालुक्यात एक आहे. शिवाय आपल्याच तालुक्यात कोरेगाव भीमा आहे. इंग्रजीत एक अक्षर इकडचं तिकडे झालं की भलत्याच गावाचा इतिहास वहीत येऊन बसतो. रांजणगावची तर आणखी मजा आहे. महागणपतीचं रांजणगाव वेगळं, शिरूर तालुक्यातलंच रांजणगाव सांडस वेगळं, पारनेरचं रांजणगाव मशीद वेगळं. वाळूज एमआयडीसीजवळच्या रांजणगाव शेणपुंजीच्या बातम्यांची कात्रणं आपल्या एमआयडीसीची समजून चिकटवलेली वही दिसली तर नवल वाटू देऊ नका. यावर उपाय सोपा आहे. गावाच्या नावासोबत तालुका-जिल्हा लिहा आणि जनगणनेतला सहा आकडी गाव-क्रमांक टिपून ठेवा. तो क्रमांक दुसऱ्या गावाचा नसतो.

उलटंही घडतं, म्हणजे जागा एक आणि नावं दोन. कुकडी नदीतले प्रसिद्ध रांजणखळगे पारनेरच्या बाजूने ‘निघोजचे’ आणि शिरूरच्या बाजूने ‘टाकळी हाजीचे’, कारण नदी हीच दोन जिल्ह्यांची हद्द आहे. एकाच नावाने शोधलं तर निम्मी माहिती नदीपलीकडे राहते. शिरूरचं जुनं नाव घोडनदी, इंग्रज कागदांत ‘सिरूर’. नगर जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे, पण २०२४ पूर्वीचा प्रत्येक कागद अहमदनगर म्हणूनच सापडेल. म्हणून शोध घेण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर आपल्या विषयातल्या नावांची सगळी जुनी-नवी रूपं, मराठीत आणि इंग्रजीत, लिहून काढा. एक तास जातो, आठवडा वाचतो.

मिळालेलं ठेवायचं कसं, इथे बहुतेक मुलं हरतात. मोबाइलमध्ये चारशे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर तीस पीडीएफ, आणि लिहायला बसल्यावर ‘हे कुठल्या पुस्तकातलं होतं?’ कारेगावातल्या पालकांना हे समजावणं सोपं आहे. कारखान्यात लाइनवर एखादा पार्ट सदोष निघाला तर बॅच नंबरवरून तो कुठल्या पुरवठादाराचा, कुठल्या पाळीतला हे सापडतं, आणि नंबर नसलेला पार्ट क्वालिटीवाले आत घेत नाहीत. माहितीलाही तसाच नंबर लागतो, आणि तो ती आत घेतानाच लागतो. मागाहून लावू म्हटलं की लागत नाही.

याचं सर्वात मोठं उदाहरण कारेगावपासून फार लांब नाही. नगर रस्त्याने पुण्याकडे गेलं की येरवड्याजवळ डेक्कन कॉलेज आहे. तिथे १९४८ पासून संस्कृतचा महाकोश तयार होतो आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांनी ते काम उभं केलं. सुमारे पंधराशे ग्रंथांतून शब्द वेचून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या केल्या गेल्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर शब्द कुठल्या ग्रंथात, कुठल्या ठिकाणी आला हे लिहिलेलं आहे. कोशाचा पहिला खंड निघाला १९७६ साली. चिठ्ठ्या लिहिणारे अनेक जण तोवर निवृत्तही झाले असतील. त्यांची चिठ्ठी आजच्या संपादकाला उपयोगी पडते ती तिच्यावरच्या दाखल्यामुळे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं जमवत आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने छापत. पहिला खंड १८९८ चा, एकूण खंड बावीस. त्यांची काही मतं आज कुणी मानत नाही, पण त्यांनी छापलेली साधनं अभ्यासक अजूनही उघडतात. मत जुनं होतं, नीट ठेवलेलं साधन होत नाही.

शाळकरी प्रकल्पासाठी यातलं थोडंच उचलायचं आहे. एक दोनशेपानी वही. शेवटच्या पानांवर साधनांची यादी करायची आणि प्रत्येकाला क्रमांक द्यायचा: लेखक, नाव, वर्ष, कुठे पाहिलं, कोणत्या तारखेला. पुढे जे काही टिपाल त्याच्याखाली साधनाचा क्रमांक आणि पान लिहायचं. जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य अवतरणचिन्हात आणि स्वतःच्या शब्दांतलं बिनचिन्हाचं, एवढा भेद पाळला तरी पुढची चोरीची भानगड मिटते. मोबाइलमधल्या फोटोलाही तोच क्रमांक नाव म्हणून द्या. संगणक असेल तर झोटेरो नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच काम करतं, पण वही आधी. ज्याला वहीत जमत नाही त्याचा पसारा सॉफ्टवेअरमध्येही पसाराच राहतो.

माणसं हेही साधनच आहे, आणि कारेगावात ते सर्वात श्रीमंत साधन आहे. फक्त आजीला ‘कोणत्या साली?’ असं विचारू नये. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही सासरी आला होतात का? पहिली कंपनी किल्लारीच्या भूकंपाआधी उभी राहिली की नंतर? पानशेत १२ जुलै १९६१, किल्लारी ३० सप्टेंबर १९९३, या खुंट्यांना आठवणी टांगल्या की तारखा बऱ्याच जवळ येतात. मुलाखतीची तारीख, जागा, सांगणाऱ्याचं वय आणि रेकॉर्डिंगला त्यांनी दिलेली परवानगी वहीत लिहा. दोन माणसांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही ठेवा. आपल्याला सोयीची तेवढी ठेवून दुसरी गाळणं हा खरा अप्रामाणिकपणा आहे, आणि तो मोठे लोकही करतात.

नेटबद्दल थोडक्यात. विकिपीडिया वाचायला हरकत नाही, पण दाखला तिच्या तळाशी दिलेल्या मूळ साधनाचा घ्यावा आणि ते उघडून बघावं. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, सुरुवातीला तोच बघावा. एआयला विचाराल तर तो अस्तित्वातच नसलेली पुस्तकं लेखकाच्या नावासकट सांगू शकतो. त्याने दिलेलं प्रत्येक नाव ग्रंथालयाच्या यादीत सापडेपर्यंत वहीत घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर साधन नव्हे, अफवेवरच प्रकल्प असेल तर गोष्ट वेगळी.

पालकांनी काय करावं? प्रकल्प लिहून देऊ नये. तयार वही विकत आणू नये. त्याऐवजी एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलीला शिरूरला तहसील कचेरीत किंवा पुण्याला ग्रंथालयात घेऊन जावं आणि प्रश्न तिलाच विचारू द्यावेत. साहेबाने आधी झिडकारलं तरी चालेल, दुसऱ्यांदा कसं विचारायचं ते ती तिथेच शिकेल. संध्याकाळी घरी तिला एकच विचारावं: हे तुला कुठे मिळालं? उत्तर वहीतून दाखवता आलं तर अभ्यास चालू आहे.

आणि वेळेचा हिशेब आधी करा. कार्यालयातला कागद सहज मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, प्रतीचे पानाला २ रुपये, आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची. अर्ज पालकाच्या नावाने करा. दिवाळीनंतर प्रकल्प द्यायचा असेल तर हा अर्ज गणपतीच्या आधी टपालात पडलेला हवा.