सामान्य विज्ञान : वनस्पतींचे मुख्य गट

हेतू.— गटांची नावे पाठ करवून घेणे हा या पाठाचा हेतू नव्हे. कोणती वनस्पती पाण्यावर किती अवलंबून आहे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून ठरवावे. धाराशिव जिल्ह्यात पावसाचा भरवसा नसल्याने हा प्रश्न मुलांच्या परिचयाचा आहे.

साहित्य.— तळ्यातील हिरवे तंतू, ओल्या भिंतीवरील मखमली थर, विहिरीच्या कपारीतील हंसराज, मोरपंखीची डहाळी, मोड आणलेली ज्वारी व अख्खी तूर.

पाठाचा क्रम.—

१. तळ्यातील तंतू व भिंतीवरील थर या दोहोंस बोलीत शेवाळ म्हणतात. परंतु हे गट भिन्न आहेत. तंतू म्हणजे शैवाल. त्यास मूळ, खोड, पान नाही. भिंतीवरील वनस्पती म्हणजे हरिता. तिला पानासारखे अवयव असतात. परंतु पाणी वाहणाऱ्या नलिका नसल्याने ती ठेंगणीच राहते. वाळलेल्या थरावर पाणी शिंपडून तो पुन्हा हिरवा होताना दाखवावा.

२. हंसराज हा नेचा होय. त्यास मूळ, खोड व नलिका आहेत. फूल व बी नाही. पानाच्या दुमडलेल्या कडेखाली बीजाणू दिसतात. फलनास पाण्याचा पातळ थर लागतो, म्हणून तो ओलसर कपार सोडत नाही.

३. मोरपंखीस बी असते, पण ते फळात झाकलेले नसते. म्हणून ती अनावृतबीजी. तिचे पराग वाऱ्याने जातात. फलनास बाहेरचे पाणी लागत नाही. सुरूची फळे शंकूसारखी दिसली, तरी तो सपुष्प वृक्ष आहे, हे सांगावे.

४. तूर व ज्वारी आवृतबीजी आहेत. तुरीचा दाणा सोलताच दोन दले सुटतात. ज्वारीचा दाणा तसा दुभंगत नाही. ज्वारीची तंतुमुळे बहुतांशी वरच्या थरात पसरतात, तुरीचे सोटमूळ खोल जाते. ज्वारी निघाल्यावरही तूर खालच्या ओलीवर तग धरते. ज्वारीत तुरीच्या ओळी पेरण्याच्या जुन्या रीतीमागे हेही एक कारण आहे.

सूचना.— भूछत्रास पूर्वी वनस्पतींत गणीत. त्यात हरितद्रव्य नसते व ते स्वतः अन्न तयार करीत नाही. व्हिटेकर यांनी १९६९ साली मांडलेल्या वर्गीकरणात कवकांची सृष्टी स्वतंत्र मानली आहे.

प्रश्न.— १. हंसराज कोरड्या बांधावर का वाढत नाही? २. तुरीची डाळ होते, ज्वारीची का होत नाही? ३. गावच्या शिवारात बी धरणाऱ्या वनस्पतीच अधिक का दिसतात?