ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड आणि रॅम

मे महिन्याच्या सुट्टीत मामाने आणि मी रायझन 5 3600 प्रोसेसरचा कॉम्प्युटर जोडला. रायझनचा मल्टिप्लायर खुला असतो, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेग देता येतो, एवढेच मला ठाऊक होते. पैसे वाचवायला मदरबोर्ड मात्र ए320 चिपसेटचा निवडला. बायोसमध्ये मल्टिप्लायर बदलायची सोयच सापडेना! ए320 वर ती नसतेच. बी450 किंवा बी550 हवा. उघडलेला बॉक्स दुकानदाराने परत घेतला नाही. बाबांना फोनवर हे सांगताना माझा घसा कोरडा पडला होता.

दुसऱ्या खेपेला बी450 घेतला, पण आधी सॉकेटशेजारचा व्हीआरएम पाहिला. प्रोसेसरला वीज तोच पुरवतो. वेग वाढवला की तो तापतो, फार तापला तर वेग आपोआप खाली येतो. म्हणून त्यावर धातूचा हीटसिंक हवाच.

मित्रांनो, रॅम घेताना नुसत्या मोठ्या आकड्याला भुलू नका. सीएलला 2000 ने गुणा आणि वेगाने भागा. उत्तर नॅनोसेकंदांत मिळते. 3200 सीएल16 चे 10, आणि 3600 सीएल18 चेही 10 च! 3600 मधून डेटा जास्त वाहतो, पण सुरुवातीचे थांबणे तेवढेच. 3200 सीएल22 चे मात्र 13.75. 16 जीबीच्या एका स्टिकऐवजी 8 च्या दोन घ्या, म्हणजे ड्युअल चॅनेल मिळते. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरतात.

शेवटी बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा. मी विसरलो, आणि आमची 3200 ची रॅम दोन दिवस 2133 वरच चालत होती.