ओढतो हे कळलं, पेलतो किती ते बोला

फिफ्थ व्हील, म्हणजे पुढचं टोक ट्रकच्या पाठीवर टेकणारा राहण्याचा ट्रेलर, विकणाऱ्या माणसाला सोफा कसा उघडतो, टीव्ही कुठे लागतो, हे खुशाल विचारावं. आपल्या ट्रकला तो ट्रेलर झेपेल का, हे त्याला विचारण्यात काही अर्थ नाही. मी विचारलं होतं. पुन्हा पुन्हा, फोड करून विचारलं होतं. प्रश्न माझा असायचा आणि उत्तर तो माझ्या नवऱ्याकडे बघून द्यायचा.

हे लिहायचं कारण असं की इथे डॅलसच्या आमच्या मराठी गोतावळ्यात ही गोष्ट भलत्याच रूपात फिरते आहे : ‘बायकोने अख्खा संसार भरला आणि ट्रक बसला.’ रिटायर झाल्यावर आरव्ही घेऊन अमेरिका पालथी घालायची, हे वेड आता आपल्यातल्या बऱ्याच जणांना लागलंय. म्हणून खरं काय झालं ते आकड्यांसकट सांगते. माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. आकड्यांच्या बाबतीत मला कोणी ‘तुम्हाला नाही कळायचं’ असं दाखवलं की माझं डोकं फिरतं.

ट्रक आमच्याकडे आधीपासून होता. थ्री-क्वार्टर-टन, डिझेल, क्रू कॅब, फोर बाय फोर. जाहिरातीप्रमाणे तो १८,००० पौंड ओढतो. नवऱ्याला आवडलेल्या ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरल्यावरचं कमाल वजन, १४,००० पौंड. विक्रेत्याने दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून वजाबाकी केली आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला. ‘चार हजारांची सवड आहे साहेब, आणखी काय पाहिजे?’

मी उठून बाहेर गेले, ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं आणि चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर वाचलं. माणसं आणि सामान मिळून २,१५४ पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर स्पष्ट छापलंय. परत येऊन म्हटलं, फिफ्थ व्हीलची पिन ट्रकच्या बेडमधल्या हिचवर बसते, मग तिचा भार या २,१५४ मध्येच धरायचा ना? माहितीपत्रकावर बोट ठेवून म्हणाला, ‘पिनचा भार १,९८० आहे. बसतोय की.’ मी म्हटलं, हा रिकाम्या ट्रेलरचा आकडा झाला, भरल्यावर किती? तर हा माझ्या नवऱ्याकडे वळून हसत म्हणतो, ‘तुम्ही काय विटा भरणार आहात का?’ दोघंही हसले.

आणि याच माणसाने त्याच बैठकीत आम्हाला आणखी तीन वस्तू विकल्या : पुढच्या बेडरूमच्या कपाटात वॉशर-ड्रायर, पुढच्या डिकीत जनरेटर आणि तिथेच जास्तीच्या बॅटऱ्या. तिन्ही वस्तू पुढे. हे ध्यानात ठेवा.

पहिली मोठी सफर कोलोरॅडोची ठरली. २८७ नंबरच्या रस्त्याने अ‍ॅमरिलो, तिथून न्यू मेक्सिकोत शिरून ७,८३४ फुटांवरचा रटोन पास ओलांडायचा, असा बेत. अंधार पडल्यावर समोरून येणारे आम्हाला सारखे दिवे मारायला लागले. आमचे हेडलाइट लो बीमवरच होते. ट्रकचं बूड बसलं होतं, तोंड वर झालं होतं आणि उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यांत जात होता. थोड्या वेळाने नवरा म्हणाला, स्टिअरिंग हलकं हलकं लागतंय. मी म्हटलं, घाट चढायच्या आधी काटा.

अ‍ॅमरिलोच्या एका ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा काटा आहे. मोठमोठे ट्रक जातात तोच. ट्रकची पुढची चाकं पहिल्या पाट्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. नवरा बटण दाबून बोलला, मग मी आत जाऊन पावती घेतली. काउंटरशी उभी राहून वाचली. स्टिअर अ‍ॅक्सल ४,७६०. ड्राइव्ह अ‍ॅक्सल ६,९८०. ट्रेलर अ‍ॅक्सल १०,१२०. एकूण २१,८६०.

पहिल्या दोन आकड्यांची बेरीज करायला मला कॅल्क्युलेटर लागत नाही. ११,७४०. ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर १०,०००. म्हणजे १,७४० पौंड जास्त. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ६,३९०, त्यावर ६,९८०. ही ६,३९० कुठून येते तेही टायरवर कोरलेलं असतं : एका टायरची कमाल क्षमता ३,१९५, असे दोन. त्या दोन टायरांवर आम्ही ५९० पौंड जादा घेऊन टेक्ससच्या उन्हाळ्यातल्या डांबरावरून शेकडो मैल आलो होतो.

आणि गंमत अशी, की ट्रक-ट्रेलर मिळून जे एकूण वजन चालतं, त्या मर्यादेत आम्ही आरामात होतो. इंजिन कुरकुरलं नाही, गिअर तापले नाहीत. विक्रेत्याची वजाबाकी त्या अर्थाने चुकली नव्हती. ट्रकने तो ट्रेलर ओढला असता, कोलोरॅडोपर्यंतही नेला असता. प्रश्न ओढण्याचा नव्हताच, पाठीवर पेलण्याचा होता. बैलगाडी भरणारा शेतकरीसुद्धा चाकांवर किती आणि बैलाच्या मानेवर किती, ते बघून पोती लावतो. इथे हजारो डॉलरचा सौदा करणाऱ्याला माने‌वरचा भार विचारला की विटा आठवतात.

तिथल्या मॅनेजरची परवानगी काढून ट्रेलर कडेला सोडला आणि नुसता ट्रक काट्यावर घातला. आम्ही दोघं, हिच, बेडमधलं सामान आणि पूर्ण टाकी धरून ८,६०० पौंड. ११,७४० मधून ८,६०० गेले, उरले ३,१४०. हा पिनचा खरा भार. माहितीपत्रकात १,९८०, प्रत्यक्षात ३,१४०. ट्रेलरचं एकूण वजन १३,२६० निघालं, म्हणजे त्याच्या ठरलेल्या मर्यादेच्या आतच. विटा नव्हत्या हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, ‘सगळे असेच चालवतात.’ मग म्हणाला, एअरबॅग बसवून घ्या, मागची बाजू उचलली जाईल. मग आवाज अगदी मधाळ करून, ‘तुमच्या लोकांचं किचन जरा मोठं असतं ना?’ फोन स्पीकरवर होता, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी तिथल्या तिथे बाथरूमचा वजनकाटा काढला आणि किचनमधली एकूण एक वस्तू त्यावर ठेवली. कुकर, बिडाचा तवा, मिक्सर, पोळपाट-लाटणं, डाळ-तांदळाचे डबे, कणीक, लोणच्याची बरणी. सगळं मिळून ११८ पौंड. जादा भार १,७४०. त्यातही आमचं किचन ट्रेलरच्या अगदी मागे, चाकांच्याही मागे आहे. चाकांच्या मागे ठेवलेलं वजन मागची बाजू दाबतं आणि पुढची उचलतं. म्हणजे माझा कुकर पिनचा भार कमी करत होता! वाढवला तो पुढच्या टोकाला त्याने स्वतः विकलेल्या वॉशर-ड्रायरने, जनरेटरने आणि बॅटऱ्यांनी. गॅसच्या भरलेल्या टाक्याही पुढेच. हे मी त्याला सांगितलं, तेव्हा फोन त्याच्या मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने करारातली ओळ वाचून दाखवली : ट्रेलर आपल्या वाहनाला योग्य आहे की नाही, हे बघणं ग्राहकाची जबाबदारी. वर म्हणाला, आमच्याच लॉटवर एक छान वन-टन डुअली (मागे जोडचाकांचा ट्रक) उभा आहे, बघून घ्या.

आम्ही कोलोरॅडोला गेलो नाही.

आता ज्यांना असा ट्रेलर घ्यायचा आहे, त्यांनी नीट वाचा.

आधी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर. तुम्ही घेणार आहात त्याच ट्रकचं, शेजाऱ्याच्या तशाच ट्रकचं नाही. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत शेकडो पौंडांचा फरक पडतो. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा जड. फोर बाय फोर, सनरूफ, वर-खाली होणाऱ्या चामडी खुर्च्या, जे जे घ्याल ते त्या आकड्यातून वजा होत जातं. जाहिरातीतला ‘ओढतो’वाला आकडा बहुधा त्या मॉडेलच्या सर्वांत सोयीच्या अवताराचा असतो. त्यासाठी एसएई जे२८०७ नावाचं मानक आहे, अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर किमान किती वेगाने चढलं पाहिजे वगैरे त्यात आहे. चांगलं आहे. पण त्यात ट्रकमध्ये धरलेली माणसं दोन, दीडशे-दीडशे पौंडांची. आपल्या मंडळाच्या स्नेहभोजनाला येऊन बघा म्हणावं.

मग दुकानातच पाकिटाच्या मागे हा हिशेब करा. स्टिकरवरच्या आकड्यातून माणसं वजा, हिच वजा, बेडमधलं सामान वजा. आमचं बघा : २,१५४ वजा ३३० वजा १८० वजा २४४, राहिले १,४००. पिनसाठी एवढीच जागा. आता ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर घ्या, रिकामं वजन नव्हे, आणि त्याचे २२ ते २५ टक्के काढा. १४,००० चे २२ टक्के ३,०८०. झाला निकाल. यासाठी ना काटा लागतो, ना अ‍ॅमरिलो. माहितीपत्रकातला ‘ड्राय’ शब्द जिथे दिसेल तो आकडा खोडा. त्यात पाणी नाही, कपडे नाहीत, डीलरने नंतर बसवलेलं काहीही नाही.

पाण्याच्या टाकीची जागा विचारा. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं, साठ गॅलनची टाकी भरली की ५०० पौंड. टाकी चाकांच्या पुढे असेल तर त्यातला चांगला हिस्सा पिनवर येतो.

एअरबॅगने ट्रकचं बूड उचललं जातं, दिवे सरळ होतात आणि बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. दारावरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. अ‍ॅक्सल तोच, टायर तेच, ब्रेक तेच. बसलेला ट्रक निदान खरं तरी सांगत होता.

काट्यावर दोनदा जा : ट्रेलर लावून एकदा, सोडून एकदा. चोवीस तासांत त्याच काट्यावर पुन्हा गेलात तर दुसऱ्या वेळी अगदी थोडे पैसे पडतात. बेरीज करून थांबू नका, मागचा अ‍ॅक्सल वेगळा बघा. कॅट स्केल डाव्या-उजव्या चाकाचं वेगळं वजन देत नाही. ते हवं असेल तर टेक्ससमध्येच लिव्हिंगस्टनला एस्केपीज या आरव्ही क्लबच्या तळावर एकेका चाकाचं वजन करून मिळतं.

डुअली घेऊन प्रश्न सोडवायचा असेल तर लायसन्सकडे बघा. टेक्ससमध्ये ट्रक आणि ट्रेलर यांच्या जीव्हीडब्ल्यूआरची बेरीज २६,००० पौंडांच्या वर गेली आणि ट्रेलर १०,००० च्या वरचा असला, की साधं लायसन्स चालत नाही, क्लास ए लागतं. धंद्याचं नव्हे, पण परीक्षा द्यावीच लागते. डुअलीचे १४,००० आणि ट्रेलरचे १४,००० मिळून २८,०००. ‘छान वन-टन डुअली’ दाखवणाऱ्या मॅनेजरने यातलं अवाक्षर काढलं नाही. कॅलिफोर्नियात नियम वेगळे आहेत, आपापल्या राज्याचे बघून घ्या.

बाकी नेहमीचं : टायरची हवा थंड असताना तपासा, टायरवरचा तारखेचा चार आकडी शिक्का बघा, उतारावर घाई करू नका, ब्रेक कंट्रोलर नीट लावून घ्या. आणि नवऱ्यांनो, विक्रेता बायकोच्या प्रश्नावर तुमच्याकडे बघून हसला, तर तुम्ही हसू नका.

आम्ही तो ट्रेलर त्यांनाच परत विकला. त्यांनी दिलेली किंमत इथे लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. आता बंपरला लावायचा साधा ट्रॅव्हल ट्रेलर आहे. त्याचा दहा ते पंधरा टक्केच भार ट्रकवर येतो आणि तो आमच्या हिशेबात बसतो. घेण्याआधी मी त्या दुसऱ्या विक्रेत्याला सांगितलं, तुमचा माणूस बरोबर द्या, जवळच्या काट्यावर नेऊन आणू, मग सही करते. कुरकुरला, पण आला. तुमचा आला नाही, तर तुम्ही सही करू नका. आणि ‘झेपेल हो’ असं कोणी तोंडाने म्हणालं, की कागद पुढे करून ते वाक्य आकड्यासकट लिहून मागा. किती जण लिहून देतात, ते मला कळवा.