मागची चौकट पाहून चेहरा काढू नका

चित्रकथा काढायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: नव्या चौकटीतलं पात्र मागच्या चौकटीत पाहून काढू नका. ती समोरच असते, हातही तिकडेच वळतो, आणि घात तिथेच होतो.

माझ्या एका गोष्टीत दोन वेण्यांची, सहा-सात वर्षांची मुलगी होती. लगतच्या चौकटी पाहिल्या तर कुठे खोट दिसत नव्हती. पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवलं, तेव्हा दिसलं की गोष्टीतल्या एका दुपारीत ती चांगली बारा वर्षांची झाली आहे. डोळे दर चौकटीत केसभर वर सरकले होते, कपाळ आखूड होत गेलं होतं, हनुवटी लांबली होती. कानगोष्टींच्या खेळासारखंच, प्रत्येक नक्कल जवळजवळ बरोबर, पण फरक साठत जातो. मुलांचं वय चित्रात कपाळावर असतं. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर येतात, लहान मुलाचे त्याच्या खाली. ते वर चढले की मूल मोठं झालंच.

म्हणून मूळ एकच ठेवा: एका जाड कागदावर समोरून, पाऊण वळलेलं, बाजूने आणि पाठमोरं पात्र. ॲनिमेशनवाले याला मॉडेल शीट म्हणतात. शेजारी उंचीच्या रेघा मारून बाकीची पात्रंही उभी करा, म्हणजे कोण कोणाच्या खांद्याला लागतं ते ठरून जातं. मग चौकट कितवीही असो, नजर या कागदावरच जाऊ द्या.

पात्र ठरवतानाच थोडा विचार केला तर पुढचे कष्ट वाचतात. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन पाठमोरा असला तरी ओळखू येतो. टक्कल, कडेचे विस्कटलेले केस, चौकड्यांचा कोट आणि धोतर एवढ्यावर तो उभा आहे. दूरच्या चौकटीत डोकं वाटाण्याएवढं होतं, तिथे नाकडोळे काय टिकणार? बाह्याकृतीच टिकते. मिकीचे कान तोंड कुठेही वळलं तरी दोन गोलच दिसतात. खऱ्या उंदराचे तसे दिसणार नाहीत, पण ते जाणूनबुजून ठरवलेलं आहे, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

चेहऱ्याची दिशा बदलली की विशेष जपा. उजव्या हाताने काढणाऱ्या बहुतेकांना डावीकडे पाहणारा चेहरा सहज जमतो. उजवीकडे पाहणारा वेगळ्याच माणसाचा होतो. कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा, वाकडेपण लगेच दिसेल. भांग आणि दप्तराचा खांदा तेवढ्यात तपासून घ्या. रडताना, ओरडताना जबडा खाली जातो, पण डोळ्यांपासून नाकापर्यंतचं अंतर तेच राहतं.

आणखी एक सवय लावून घ्या. सगळ्या पानांवर आधी त्या एका पात्राची फक्त डोकी पेन्सिलने काढा, तीही क्रमाने नको. शेवटचं पान, मग मधलं, मग पहिलं. सगळी पानं भिंतीला टेकवून लांबून बघा आणि मगच शाई लावा.

शाई लागल्यावर एखादं डोकं बिघडलेलं दिसलंच, तर खाडाखोड करत बसू नका. त्याच जातीच्या वेगळ्या कागदावर ते नव्याने काढा, कापून चिकटवा. कडेची सावली स्कॅनमध्ये आली तर पांढऱ्या पोस्टर कलरचा बारीक हात पुरतो.